पंप घ्यावी की सेमी

घरात बंदूक आणायची हे ठरायला आम्हाला एक संध्याकाळ पुरली. कोणती आणायची, यात मात्र अख्खा हिवाळा गेला. बाहेर बर्फ, आत पंप की सेमी. सकाळी चहाला पंप, रात्री पोळ्या लाटताना सेमी. शेवटी मी म्हटलं, बाबा रे, ती टर्की म्हातारी होऊन आपली आपण मरेल, पण तुझं काही ठरायचं नाही.

ज्यांना यातलं ओ का ठो कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मलाही कळत नव्हतं. टर्की म्हणजे कोंबडीचा अवाढव्य रानटी भाऊबंद. ती मारायला छर्‍यांची बंदूक लागते. तिच्यात मुख्य जाती दोन. पंप म्हणजे, एक बार काढला की नळीखालचा दस्ता डाव्या हाताने खसकन मागे ओढायचा आणि परत पुढे ढकलायचा. ओढला की रिकामं काडतूस बाहेर पडतं, ढकलला की नवं आत जातं. सेमीमध्ये हे सगळं बंदूक स्वतःच करते, आपण फक्त घोडा दाबायचा. पंप साधी आणि रांगडी, चिखलात पडली तरी उचलून झाडली की चालू. सेमी जरा नखरेल, तिला साफसूफ लागते, पण खांद्याला धक्का कमी देते. बस, एवढंच आहे. यावरून इंटरनेटवर लोक एकमेकांचे आईबाप काढतात.

मी आणि नवरा दोघेही नागपूरचे, एकाच इंजिनिअरिंग कॉलेजातले. म्हणून मी त्याला अरेतुरे करते आणि सासूबाई अजून त्यावर नाक मुरडतात. शिकागोजवळ शॉमबर्गला येऊन आम्हाला पाव शतक झालं. दोघेही कॉम्प्युटरवाले. मी टेस्टिंगमध्ये आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा मला पगार मिळतो. नवरा म्हणतो, घरी हीच सेवा ती फुकट देते.

शिकारीचं खूळ आमच्या शेजाऱ्याने लावलं. पलीकडच्या घरात एक रिटायर्ड डेंटिस्ट राहतो. त्याच्या भावाचं मिसिसिपी नदीच्या अंगाला, आयोवाच्या हद्दीजवळ शेत आहे, आणि शेताला लागून ओकचं रान. दर वसंतात डेंटिस्ट तिथे टर्कीला जातो. बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा नवऱ्याला म्हणाला, चल, येतोस? मी तर हसून गडबडा लोळले. घरात झुरळ निघालं तर मला हाक मारणारा माणूस, हा काय शिकार करणार! पण गेला, आणि खरोखर एक भलाथोरला नर घेऊन आला. तेव्हा बंदूक डेंटिस्टची होती, जुनी पंप. मी त्या टर्कीच्या तंगड्या कुकरला लावल्या, दुसऱ्या कुठल्या भांड्यात त्या शिजल्याच नसत्या, आणि वर सावजी मसाला घातला. डेंटिस्ट जेवायला बसला, नाक पुसत पुसत तीनदा वाढून घेतलं, आणि तेव्हापासून ही दोस्ती पक्की झाली. दर वर्षी एप्रिल आला की हे दोघं पहाटे निघणार, रिकाम्या हाताने किंवा पक्षी घेऊन परत येणार आणि जेवताना एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगणार. मला ते फार आवडायचं. ऑफिसातून सुतकी चेहऱ्याने येणारा माझा नवरा त्या दिवशी पोरासारखा बडबडायचा.

गेल्या जुलैत त्याला स्ट्रोक आला. लहान होता, डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. चहा पिता पिता कप डाव्या हातातून निसटला आणि हा त्या सांडलेल्या चहाकडे बघतच बसला. माझ्या मात्र तेव्हाच पायाखालची जमीन सरकली. पुढे चालणं आलं, बोलणं आलं, ऑफिस सुरू झालं. डावा हात तेवढा मागे राहिला. उचलता यायचा, एखादी वस्तू त्यावर टेकवता यायची, पण मूठ आवळून जोर लावायचा म्हटलं की बोटं ऐकायची नाहीत. त्यासाठी एक थेरपिस्ट होती, हसतमुख आणि तितकीच खाष्ट. दिवाळीपर्यंत हा तिच्याकडे गेला. मग एक दिवस म्हणाला, "झालं आता, ठीक आहे," आणि बंद केलं. तिने मला फोन करून स्पष्ट सांगितलं, सुरुवातीचे महिने मोलाचे असतात. या काळात मेहनत घेतली तर बरंच परत येईल, नाही घेतली तर हात जिथे आहे तिथेच बसेल.

मी त्याला सांगितलं. गोडीत सांगितलं, रागावून सांगितलं, सासूबाईंकडून सांगवलं. "माझा हात ठीक आहे," एवढंच उत्तर. नंतर नंतर मी विषय काढला की तो खोलीतून उठून जायचा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसला माणूस आहे. मग आमच्या घरात हात हा शब्दच बंद झाला. त्याच्याबद्दल कुणी बोलायचं नाही, पण सगळं त्याच्याभोवती फिरायचं.

अशात जानेवारीत तो म्हणाला, "यंदा स्वतःची बंदूक घेतो." मी लगेच हो म्हटलं. निदान त्याला कुठे तरी जावंसं वाटतंय, याचाच मला आनंद झाला होता. डेंटिस्टला कळलं तेव्हा तो म्हणाला, "सेमी घे. आपल्या वयात खांद्याला बरी." खांद्याला म्हणाला, त्याची नजर मात्र माझ्याकडे होती. तोही आमच्यासारखाच नाटकात सामील.

आणि मग सुरू झाला वाद. नवरा म्हणायचा, पंप कधी दगा देत नाही. मी म्हणायचे, सेमीत दुसरा बार पटकन निघतो.

"टर्कीला दुसरा बार लागतच नाही," तो म्हणायचा. "पहिला चुकला की ती गेली."

"मग पंप तरी कशाला? एकच काडतूस मावणारी मिळते ना, ती घे."

यावर तो पंपच्या इतिहासावर प्रवचन सुरू करायचा. पहिल्या बाराचं खरं होतं, ते मलाही माहीत होतं. टर्कीच्या शिकारीत एकच नेम, एकच संधी. दुसरा बार म्हणजे नशिबाने मिळालेली उधारी. पण तेवढ्याच उधारीसाठी डावा हात लागतो, आणि त्याला नेमकं तेच सिद्ध करायचं होतं. पंप घेतली की हात ठीक. सेमी घेतली की हात गेला. मला हे समजत होतं, मला समजतंय हे त्याला समजत होतं, आणि आम्ही दोघं तासन्‌तास चिखल, गंज आणि खांद्याबद्दल भांडत होतो. काय म्हणावं याला!

त्यात त्याने कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मत विचारलं. झालं! ज्यांनी आयुष्यात दिवाळीच्या टिकल्यांच्या पिस्तुलाशिवाय काही उडवलं नाही ते सगळे तज्ज्ञ झाले. सिअ‍ॅटलजवळच्या बेलव्ह्यूचा एक मित्र, जो मच्छरदाणी लावून झोपतो, त्याने दोन्ही बंदुकांचा कोष्टक करून तुलनात्मक अभ्यास पाठवला. दुसऱ्याने विचारलं, यार, एक्स्टेंडेड वॉरंटी मिळते का? तिसऱ्याने टर्की सोड, चिकन खा, असा सल्ला दिला. उंटावरून शेळ्या हाकायला आमची बॅच पहिल्यापासून हुशार.

पाडव्याच्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. मुहूर्त सासूबाईंचा. नागपूरहून व्हिडिओ कॉलवर त्यांनी ठणकावून सांगितलं होतं, शस्त्र घ्यायचं तर साडेतीन मुहूर्तांपैकी एकावर घ्या. आता इलिनॉयमध्ये बंदुकीचे पैसे भरले तरी ती तीन दिवसांनी हातात मिळते, असा कायदा आहे. मग मुहूर्त पैसे भरायचा धरायचा की ताब्यात घ्यायचा? यावरही घरात एक चर्चासत्र झालं. सासूबाईंनी निकाल दिला, "पाडव्याला पैसे द्या, घरी आली की पूजा करा."

दुकानात काउंटरमागे माझ्याच वयाची एक बाई होती. तिने आधी पंप काढून दिली. नवरा ती घेऊन खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, आमच्याकडे पाठ. मला काचेत दिसत होतं. त्याने बंदुकीचा कुंदा मांडीवर टेकवला आणि दस्ता उजव्या हाताने ओढला. त्या बाईलाही दिसलं असणार. तिने सेमी काढून ठेवली आणि हळूच म्हणाली, "ही तुमच्यासाठी सोपी पडेल."

त्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. माझा त्याच्या वाटेचा सगळा राग त्या बिचारीवर निघाला. "बंदूक माझ्यासाठी आहे!" मी फाडकन बोलले. "माझा खांदा नाजूक आहे. मला शिकायचंय!"

मी शिकणार! घरात कुणी फुगा फोडला तरी मी दचकते. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि मग मोठ्या उदार मनाने म्हणाला, "तुझ्यासाठी असेल तर सेमी घेऊ." सुटले एकदाची! गाडीत बसताना मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. त्याचा मान राहिला, सेमी घरात आली. पहिल्या शिकारीला तो आपोआप तीच घेऊन जाईल असा माझा हिशोब होता.

पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी माझ्याच हाताने माती केली, तीही भक्तिभावाने.

बंदूक घरी आली. मी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. डेंटिस्टने नियम घालून दिला होता की घरात बंदूक रिकामी आणि उघडी ठेवायची, म्हणजे आत काही नाही हे येणाऱ्या जाणाऱ्याला दिसतं. त्यामुळे काडतूस बाहेर पडायची तिच्या कुशीतली खिडकी आ वासून होती. मी निरांजन ओवाळलं, हळदकुंकू वाहिलं. फोन समोर उभा करून ठेवला होता, त्यातून सासूबाई सूचना देत होत्या.

"नळीचं तोंड देवाकडे नको करू गं!"

मी पाट फिरवला.

"अगं बाई, माझ्याकडेही नको!"

शेवटी नळी बागेकडे करून मी मुठीने अक्षता वाहिल्या. तांदूळ ओल्या कुंकवात चांगले कालवलेले, चिकट, लालचुटुक. आपल्याकडे गाडी घेतली, वॉशिंग मशीन घेतलं, लॅपटॉप घेतला, कशावरही अक्षता पडतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. तशाच यावरही पडल्या, आणि त्यातल्या काही त्या उघड्या खिडकीतून आत गेल्या. एक टेस्टर म्हणून मला हे सुचायला नको होतं का? नाही सुचलं. नवऱ्याने नारळ बाहेर ड्राइव्हवेवर फोडला आणि आम्ही खोबरं खाल्लं.

पुढच्या शनिवारी डेंटिस्ट आम्हाला नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेला. कागदावर टर्कीचं डोकं छापलेलं लक्ष्य होतं. नवऱ्याने सेमी डाव्या हातावर नुसती टेकवली, नेम धरला आणि धाड! कागदाच्या चिंधड्या. त्याचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! मी टाळ्याच पिटल्या. त्याने पुन्हा नेम धरला, घोडा दाबला, आणि काहीच नाही. नवं काडतूस अर्ध्यात अडकलं होतं. बोल्ट, म्हणजे त्या खिडकीआड मागेपुढे सरकणारा लोखंडी तुकडा, पुरता मिटेना.

डेंटिस्टने बंदूक टेबलावर घेतली, आधी काडतूस काढलं, मग गाडीतून कपाळावर बांधायचा दिवा आणि दात कोरायची त्याची जुनी आकडी आणली. रिटायर झाला तरी अवजारं जवळ बाळगतो. दिवा लावून, डोळे बारीक करून, त्याने आत आकडी घातली आणि एक गुलाबी दाणा बाहेर काढला. मग दुसरा. मग तिसरा.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"तांदूळ," मी म्हटलं.

"तांदूळ?"

"आशीर्वादाचे."

त्याने दाणा दिव्यापुढे धरला. म्हणाला, "चाळीस वर्षं लोकांच्या दातांतून काय काय काढलं. आशीर्वाद पहिल्यांदाच काढतोय." नवरा हसायला लागला. इतका हसला की खाली बसला, डोळ्यांतून पाणी आलं. जुलैपासून मी त्याला असं हसताना बघितलं नव्हतं. मीही हसत होते, तोवर तो डोळे पुसत म्हणाला, "बघितलंस? पंप असती तर असल्या दाण्यांना तिने भीक घातली नसती. ठरलं. मी जुनी पंपच नेणार."

माझं हसू जागच्या जागी थांबलं. बंदूक साफ झाली, डेंटिस्टने स्वतः तीन बार लागोपाठ काढून दाखवले. पण छे! "एकदा विश्वास उडाला तो उडाला," म्हणे. घरी येईपर्यंत गाडीत मी भांडले. घरी स्वयंपाक झाला, जेवणं झाली, तरी मी भांडतच होते. त्याने डेंटिस्टची जुनी पंप आणून कपाटात ठेवली. सराव केला तोही एकेका काडतुसाचा. दोन घालायचाच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तेव्हा मी जाहीर केलं की यंदा मीही येणार. मला परवाना नाही, बंदूक नाही, मी नुसती बसेन. खरं सांगायचं तर मला त्याला एकटं सोडायचं नव्हतं. डेंटिस्टने माझ्यापुढे अटी ठेवल्या. बोलायचं नाही. हलायचं नाही. आणि अंगावर लाल, पांढरं, निळं काही नको, कारण नर टर्कीचं डोकं याच रंगांचं असतं आणि झाडीत दुसरा कुणी शिकारी असेल तर त्याला भास होऊ शकतो. मी बांगड्या काढल्या, मंगळसूत्र जॅकेटच्या आत घातलं. प्रश्न टिकलीचा होता. माझी टिकली लाल, मोठी, आणि नेमकी डोक्याच्या मध्यभागी. शेवटी मी पाकिटातून एक पोपटी टिकली शोधून लावली. डेंटिस्टने बघितली आणि अंगठा दाखवला.

अंधारातच रानात पोचलो. एका रुंद ओकला टेकून मी आणि नवरा शेजारी शेजारी बसलो, त्याचे गुडघे वर, गुडघ्यावर बंदूक, आज मात्र एकाहून जास्त काडतुसं भरलेली. डेंटिस्ट आमच्या पाठीमागे दूर एका झाडाआड, मादीचा आवाज काढायची लाकडी पेटी घेऊन. बाप्पा, काय ती थंडी! एप्रिल म्हणे. वसंत म्हणे. मला शिंक येत होती, पायाला मुंग्या आल्या होत्या आणि बोलायचं नाही ही शिक्षा वर. एवढा वेळ गप्प मी लग्नाच्या होमापुढेही बसले नव्हते.

उजाडायला लागलं तसा दूर झाडावरून एक नर ओरडला. मागून डेंटिस्टने पेटी घासली, मादी कशी लाडात बोलावते तसा आवाज. नर पुन्हा ओरडला, आता जवळून. नवऱ्याचा श्वास बदलला ते मला खांद्याला जाणवलं. आणि मग तो आला. पिसारा फुलवून, पंख जमिनीला घासत, डोकं लाल-निळं, मांडवात शिरणाऱ्या नवरदेवाच्या मामासारखा. चार पावलं चालायचा, थांबायचा, फुगायचा. देवा, लागू दे, मी म्हटलं. एकाच बारात लागू दे. दुसऱ्याची वेळ आणू नको.

नवऱ्याने बार काढला. चुकला.

नर टुणकन उडाला, दोन हात बाजूला पडला, आणि पळून जायचं सोडून मान उंच करून तिथेच उभा राहिला. त्याला कळेना आवाज कुठून आला. उधारी मिळाली होती. कुणाला मिळत नाही एवढी मिळाली होती.

नवऱ्याचा डावा हात दस्त्यावर होता. त्याने ओढलं. दस्ता हलला नाही, हातच त्यावरून घसरला. त्याने पुन्हा बोटं बसवली, माझ्यासमोर एकेक करून बसवली, आणि खांद्यापासून जोर लावला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. हात पुन्हा घसरला. तो नर अजून उभाच. मला ओरडावंसं वाटत होतं, पळ रे मेल्या, पळ ना एकदाचा! मग तो आपल्या चालीने, घाई नाही काही नाही, झाडीत निघून गेला.

नवऱ्याने बंदुकीचं सेफ्टीचं बटण लावलं आणि ती गवतावर आडवी ठेवली. डावा हात मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिला.

"हात चालत नाही गं," तो म्हणाला.

नऊ महिने मी या एका वाक्याची वाट बघत होते. हे त्याच्या तोंडून निघावं म्हणून मी काय काय केलं नव्हतं! आणि निघालं तेव्हा मला ते ऐकवेना.

"कोण म्हणतं?" मी म्हटलं. "बंदूकच जुनी आहे. गंजली असेल. त्या डेंटिस्टने कधी तेल घातलंय का तिला?"

"लोण्यासारखी चालते ती. इतकी वर्षं मीच चालवलीय."

"मग थंडी आहे. बोटं गारठतात. माझीसुद्धा गारठली."

"उजव्या हाताची नाही गारठली ती?"

दुसऱ्याच्या चुका काढणारी मी, मला एक धड बहाणा काढता येईना.

"तू हेच सांगत होतीस ना मला?" तो म्हणाला, अगदी हळू, भांडणाचा सूर नव्हता त्यात. "हिवाळाभर?"

"हिवाळाभर ऐकलं नाहीस, मग आता कशाला ऐकतोस!" मी ओरडले आणि हमसून हमसून रडायला लागले. रानात बोलायचं नाही, हलायचं नाही, सगळ्या अटी मोडल्या. त्याने उजव्या हाताने माझं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. म्हणाला, "अगं, हळू. चार गावांतल्या टर्क्या उठतील." मग तोही रडला. स्ट्रोक आला तेव्हा रडला नव्हता, हॉस्पिटलात रडला नव्हता, तो त्या झाडाखाली रडला.

मागून डेंटिस्ट पालापाचोळा तुडवत आला. दुसरा बार का नाही काढला, असं विचारणार होता बहुतेक. आमच्याकडे बघून जागीच थांबला. नवऱ्याने डावा हात त्याच्यासमोर वर धरला, बोटं अर्धवट मिटलेली, आणि इंग्रजीत म्हणाला, "हा चालत नाही." डेंटिस्टने मान हलवली, पंप उचलून रिकामी केली आणि म्हणाला, तो गाडीपाशी जाऊन कॉफी ओततो, आम्ही सावकाश या.

आम्ही बसून राहिलो. सकाळचं ऊन झाडांतून खाली जमिनीवर उतरलं होतं. नवऱ्याने विचारलं, "उशीर झाला असेल का गं?"

मी इतके महिने त्याच्यापुढे डॉक्टर झाले होते, वकील झाले होते, सासूबाईंची सून होऊन त्यांच्याकडून निरोप आणले होते. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर असायचं. याचं नव्हतं, आणि खोटं बोलायचं बळही आता उरलं नव्हतं.

"माहीत नाही रे," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. "मग सोमवारीच जाऊ त्या खाष्ट थेरपिस्टकडे."